हात पोचतो तिथेच गाठी

सहा आठवड्यांच्या वर टिकलेल्या खाजेला वैद्यकशास्त्रात जुनाट खाज म्हणतात. त्या हिशेबाने माझी खाज कधीच जुनाट झाली होती, पण असा काही हिशेब असतो हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी, घरच्यांच्या लेखी आणि मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांच्याही लेखी ती नुसती खाज होती. ताप नाही, सूज नाही, काम अडत नाही, मग रोग कसला? हे लिहायला बसलो त्याचं कारणही तेच. फोंड्यापासून डिचोलीपर्यंत माझ्या ओळखीपाळखीत रोज रात्री अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन पहाटेपर्यंत अंग खाजवत पडणारी माणसं आहेत. त्यांनी निदान एवढं वाचावं की या खाजेला बहुधा कारण असतं, ते शोधता येतं, आणि त्या रोजच्या गोळीचा तिच्याशी बरेचदा संबंधच नसतो.

माझी सुरुवात नडग्यांपासून झाली. चवथ होऊन गेली होती, पाऊस ओसरत होता. आधी नडग्या, मग पोटऱ्या, मग दंडाची आणि कोपराखालची बाहेरची बाजू. कातडीवर दिसायला काहीच नव्हतं, फक्त खाज. दोन-तीन महिन्यांत तिथे टणक गाठी उठल्या. साधारण अर्धा सेंटिमीटर, काही त्याहून मोठ्या, माथ्यावर खरवडलेल्या आणि कडेने काळपट. मी पेटी वाजवतो. आमच्या म्हार्दोळच्या बाजूला वर्षभर कुठे ना कुठे भजन असतंच, आणि पेटीवाल्याचे हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. शेजारी बसणाऱ्यांनी हळूहळू अंतर ठेवायला सुरुवात केली. एकाने सरळ विचारलं, ‘‘खरूज तर नाही ना?’’ त्याचा मला राग आला नाही. खरूज लागट असते, विचारणं रास्तच होतं. पण त्या संध्याकाळपासून मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागलो.

पहिला इलाज गावातल्या दवाखान्यात झाला: अ‍ॅलर्जीची गोळी, रोज रात्री. गोळीने झोप यायची, खाज जायची नाही. झोपेतही हात चालूच. मग गोळी बदलली, मग दोन गोळ्या झाल्या. नंतर औषधाच्या दुकानातून एक ट्यूब मिळाली. स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच नळीत. लावली की दोन-चार दिवस बरं वाटायचं, थांबवली की दुप्पट वेगाने परत. असल्या मिश्र मलमांबद्दल मला आता जे कळलंय ते इथेच सांगून टाकतो. आपल्या दमट हवेत जांघेत, कमरेला नायटा होणारे खूप. त्यावर हे मलम लावलं की स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दबते, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते, नायट्याचं रूप बदलतं आणि पुढे तो साध्या औषधांना दाद देत नाही. चिठ्ठीशिवाय ही ट्यूब घेऊ नका.

खरजेची शंका आली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावलं, चादरी-कपडे गरम पाण्यात काढले, आठवड्याने पुन्हा तेच केलं. कुणाला काही नव्हतंच आणि मला काही फरक पडला नाही. त्यातून खरूज नसावी एवढं बऱ्यापैकी नक्की झालं.

घरगुती उपाय तर चालूच होते. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आमसुलाचं पाणी चोळतात, तेही झालं. कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ झाली. मग पाहुण्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकमताने मासे बंद केले. आधी सुंगटं आणि तिसऱ्या, मग बांगडा, शेवटी सगळंच. बायको बिचारी माझ्यासाठी वेगळी आमटी करायची आणि स्वतःही माझ्यासमोर माशाचं हुमण खायला संकोचायची. असे बरेच महिने निघाले. खाज होती तिथेच.

रात्रीचं सांगायलाच हवं, कारण ज्याला ही खाज नाही त्याला ते कळत नाही. दिवसा माणूस कामात असतो, लक्ष दुसरीकडे असतं. दिवा मालवून अंथरुणावर पडलं, अंग जरा उबदार झालं, की एका गाठीपासून सुरुवात व्हायची. ती खाजवली की शेजारची. मग दुसरा पाय. मग दंड. नख लागून कातडी फुटून रक्त येईपर्यंत थांबता येत नसे. आणि खरं सांगायचं तर रक्त आलं, चुरचुरलं की बरं वाटायचं, कारण ती जळजळ खाजेपेक्षा सोसवायची. तेवढ्यात डोळा लागायचा. तासाभराने पुन्हा जाग. सकाळी चादरीवर तपकिरी डाग, नखांच्या कडेला वाळलेलं रक्त. खाजवण्याच्या आवाजाने बायको जागी असायची, पण बोलायची नाही. माझ्या मनावर या सगळ्याचा जो परिणाम झाला तो मी कुणाला सांगितला नव्हता. जिवाला इतका कंटाळा येतो की काय काय विचार डोक्यात येतात. त्वचेच्या डॉक्टरांनी मला झोपेबद्दल आणि मनःस्थितीबद्दल आपण होऊन विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपलं दुखणं कुणीतरी खरं मानलं.

हे विचारणाऱ्या डॉक्टर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, भेटल्या. आमच्याकडून बांबोळीला जायचं म्हणजे आधी पणजी, तिथून दुसरी बस, त्यामुळे सकाळी लवकर निघावं लागतं. त्वचारोगाच्या ओपीडीत गर्दी होती. पण नंबर लागल्यावर मॅडमनी घाई केली नाही. आधी खाज की आधी पुरळ, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग घरात आणखी कुणाला आहे का, आंघोळीनंतर वाढते का, लघवी गडद होते का, वजन उतरलंय का, रात्री घामाने कपडे भिजतात का, बीपीची वगैरे कुठली औषधं चालू आहेत, लहानपणी दमा होता का, शिंका येतात का. दम्याचं विचारल्यावर मी म्हटलं, दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत होता, आणि आईला शेवटपर्यंत. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग सदरा काढायला सांगितला आणि पाठीवर बराच वेळ बघत राहिल्या. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. खांद्यांवर गाठी होत्या, कमरेवर होत्या, पण पाठीच्या मधोमध, दोन्ही फऱ्यांच्या दरम्यान, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचा भाग स्वच्छ होता. ‘‘इथे तुमचा हात पोचत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हात पोचतो तिथेच गाठी आहेत. म्हणजे खाज आधीपासूनची, गाठी खाजवण्यातून झाल्या. आता त्या गाठी स्वतःच खाज करतात, म्हणून हे थांबत नाही.’’ या दुखण्याला प्रुरिगो नोड्युलॅरिस म्हणतात. इतके महिने मी आणि सगळे जण गाठींवर औषध शोधत होतो. त्या एका वाक्याने शोधायची जागाच बदलली.

पण प्रुरिगो हे नाव मिळालं म्हणजे कारण मिळालं असं नाही. त्यासाठी तपासण्या. प्रत्येक तपासणी कशाला, हे मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. यकृतात पित्त तुंबलं की कातडी निर्दोष दिसत असून सर्वांग खाजतं. मूत्रपिंड निकामी होत आलं तरी तेच. थायरॉइड बिघडणं, लोह कमी होणं, मधुमेह, काही औषधं, हिपॅटायटिस आणि एचआयव्ही ही सगळी नावं त्या यादीत आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी अति वाढल्या तर आंघोळीच्या पाण्याचा स्पर्शही असह्य खाज आणतो. छातीचा एक्स-रे कशाला, तर लसिका ग्रंथींचा हॉजकिन नावाचा कर्करोग कधी कधी निव्वळ खाजेपासून सुरू होतो आणि छातीतल्या वाढलेल्या गाठी एक्स-रेत दिसतात. ते ऐकून पोटात गोळा आला. पण बरंही वाटलं, की कुणीतरी हे तपासतंय. कमरेजवळची कातडी खरवडून काचपट्टीवर बघितली, बुरशी नव्हती. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर भिंग लावून खरजेचे किडे शोधले, नव्हते.

दंडावरच्या एका गाठीची बायोप्सी झाली. जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. त्यानंतर गोल धारेची छोटी नळी गाठीवर दाबून फिरवली आणि चार मिलिमीटरचा तुकडा काढला. एक टाका. घरी जाताना मी पट्टी असलेल्या त्याच हाताने बसचा दांडा धरून उभा होतो, इतकं ते सोपं होतं. जे भीतीने बायोप्सी टाळतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

अहवाल आले. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, साखर, एक्स-रे सगळं ठीक. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि आयजीई हा अ‍ॅलर्जीचा घटक मात्र वाढलेला. बायोप्सीत प्रुरिगोच. लहानपणच्या दम्याचा धागा इथे जुळला. माझ्या प्रकृतीतच ती अ‍ॅलर्जीची ठेवण आहे, छातीत होती ती आता कातडीत आली, आणि पन्नाशीनंतर कातडी कोरडी पडल्यावर तिला वाट मिळाली. माशांचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, मासे खाल्ल्यावर लगेच गांधी उठतात का, ओठ सुजतात का? नाही? मग खा. त्या दुपारी घरी बांगड्याचं हुमण झालं.

आता मुख्य प्रश्न. अ‍ॅलर्जीच आहे तर अ‍ॅलर्जीची गोळी का लागू पडेना? याचं उत्तर मिळवायला मी पुढच्या खेपांना मॅडमना आणि तिथल्या तरुण डॉक्टरांना बरंच छळलं, आणि स्वतःही वाचलं. मला त्यातलं सगळ्यांत पटलं ते खाजकुयलीचं उदाहरण.

खाजकुयली आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पावसानंतर रानातल्या वेलींवर सोनेरी-तपकिरी केसाळ शेंगा लटकतात, त्यांची लव अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो. शाळेत ती कुणाच्या तरी सदऱ्यात टाकण्याचा खेळ आमच्या पिढीने केलाय. याच शेंगेवर जगभरातल्या संशोधकांनी खाजेचा अभ्यास केला. अंगावर गांधी उठतात तेव्हा कातडीतल्या मास्ट नावाच्या रोगप्रतिकार पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात, हिस्टामिन ज्ञानतंतूंच्या टोकांना चेतवतं आणि खाज सुटते. सेट्रिझिनसारखी गोळी हीच वाट अडवते. पण खाजकुयलीच्या लवेत म्युक्युनेन नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. ते हिस्टामिनच्या वाटेने जातच नाही. तंतूच्या टोकावरचे वेगळेच ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या जागा), पीएआर-2 आणि पीएआर-4, त्याने चेततात. खाजकुयली लागल्यावर अ‍ॅलर्जीची गोळी घेतली तरी उपयोग नसतो तो त्यामुळे. खाजेचे तंतू बारीक आणि संथ, सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगाने निरोप नेणारे. त्यांतले काही हिस्टामिनला ओळखतात आणि बरेचसे इतर गोष्टींना. जुनाट खाजेचे बहुतेक प्रकार या दुसऱ्या वाटेने चालतात.

माझ्यासारख्यात ती वाट कोण चालवतं? रोगप्रतिकार पेशी. त्या इंटरल्यूकिन नावाचे निरोप सोडतात: 4, 13 आणि 31 क्रमांकाचे. या निरोपांचे ग्राहक थेट खाजेच्या तंतूंवरही असतात. त्यातलं 31 तर 2004 साली सापडलं. त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकांवर शिकलेल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, हे ज्ञानच नवीन आहे. कातडीवर वाढणारा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस नावाचा जिवाणूसुद्धा आपल्या विकराने तंतूला सरळ चेतवतो, हे 2023 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. खरवडलेल्या, ओल्या जखमांवर हा जिवाणू ठाण मांडतो.

फार काळ शास्त्रज्ञ असं मानत होते की खाज म्हणजे सौम्य वेदना. 2007 साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झोउ-फेंग चेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मज्जारज्जूत जीआरपीआर नावाचा ग्राहक दाखवून दिला. तो नसलेले उंदीर खाज आणणारं रसायन टोचूनही कमी खाजवत, पण वेदना त्यांना नेहमीसारखीच कळे. म्हणजे खाजेची स्वतःची यंत्रणा आहे. माझ्यासारख्याला हे समजणं फार मोलाचं होतं. जिला स्वतःची यंत्रणा आहे तिचा बिघाडही स्वतंत्र असतो आणि औषधही.

खाजवल्यावर बरं का वाटतं, तेही इथेच उलगडतं. नखाची वेदना मज्जारज्जूतल्या काही पेशींना जागं करते आणि त्या खाजेचा निरोप तेवढ्यापुरता दाबतात. पण त्याच वेळी कातडीत काय होतं? 2025 च्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की खाजवल्याने वेदनेचे तंतू सबस्टन्स पी नावाचं रसायन सोडतात, त्याने मास्ट पेशी पुन्हा पेटतात आणि दाह वाढतो. अ‍ॅलर्जीचं कारण तेच ठेवून खाजवायला दिलं नाही तर दाह पुष्कळ कमी. नखं कापा, खाजवू नका, हा उपदेश मी लहानपणापासून ऐकत होतो, पण त्यामागे एवढं आहे हे कळल्यावर तो मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटू लागला.

रात्रीचंही उत्तर मिळालं. रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे आपलं अंगभूत दाहशामक, उतरलेलं असतं, कातडीचं तापमान चढतं आणि कातडीतून पाणी जास्त उडून जातं. तिन्ही गोष्टी खाजेच्या बाजूच्या.

एक गोष्ट मला पटत नव्हती. गोव्याची हवा एवढी दमट, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, मग माझी कातडी कोरडी कशी? मॅडमनी विचारलं, आंघोळ कशी करता? मी सांगितलं, चुलीवरच्या भाणातलं कढत पाणी, बराच वेळ, आणि अंगाला साबण दोनदा. नडग्यांवर कढत पाणी ओतलं की खाजेला जो आराम मिळायचा त्याची मला सवयच झाली होती. उत्तर तिथेच होतं. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे चिऱ्यांची भिंत धरा, पेशी हे चिरे आणि मधली चरबी हा चुना. वयाने चुना कमी होतो, कढत पाणी आणि साबण उरलेला धुऊन काढतात. मग आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं त्रासदायक ते आत. हवेतल्या ओलाव्याने ही भिंत दुरुस्त होत नाही. शिवाय निरोगी कातडी किंचित आम्ल असते, साबण तिला अल्कली करतो, आणि त्याने कातडीतली विकरं जास्त चेकाळतात.

म्हणून उपचारांचा पाया आंघोळ. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखेत आणि जांघेत, बाकी अंगाला बिनसाबणाचं क्लेन्सर. पंचाने घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. बिनवासाचं, जाडसर. महागाचंच पाहिजे असं नाही, साधी पेट्रोलियम जेलीही चालते असं त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात ती चिकट होते म्हणून दिवसा मी ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं लोशन वापरतो. आमच्याकडचं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, टाचांना लावतो. ते औषध म्हणून सांगत नाही, मला बरं वाटतं एवढंच.

गाठींवर क्लोबेटॅसॉलचं मलम. हे तीव्र स्टेरॉइड. फक्त गाठीवर, आजूबाजूला नाही, ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरतं, कारण जास्त वापरलं तर कातडी पातळ होते. वरून पट्टी बांधायची, म्हणजे औषध आत मुरतं आणि बोट तिथे पोचत नाही. रात्री गॅबापेंटिन, लहान मात्रेपासून. हे मूळ फिटचं औषध, अतिउत्तेजित तंतूंना शांत करतं. पहिला आठवडा सकाळी गरगरायचं, म्हणून मी स्कूटर चालवली नाही. पण त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सलग चार-पाच तास झोपलो. बायकोने ते माझ्या आधी ओळखलं. उठल्यावर म्हणाली, ‘‘आज तुमचा हात गप्प होता.’’

त्यानंतर प्रकाशोपचार. पणजीतल्या एका दवाखान्यात, ऑफिसातून परतताना, आठवड्यातून दोन-तीनदा. उभ्या नळ्यांच्या कपाटात डोळ्यांना काळा चष्मा लावून, गुप्तांग झाकून उभं राहायचं. 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण, सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वाढवत काही मिनिटं. कातडीतल्या दाहाच्या पेशी त्याने कमी होतात. चटका बसत नाही, फक्त ऊब. पण नेमाने जावं लागतं, दोन आठवड्यांची दांडी पडली की मात्रा पुन्हा खाली. फरक दिसायला दीड-दोन महिने लागले. फरक पडला, पण जुन्या जाड गाठी हलेनात, तेव्हा मेथोट्रेक्सेट सुरू झालं.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. माझा वार रविवार, कॅलेंडरवर लाल पेनने खूण केलेली. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक अंतराने रक्ताची आणि यकृताची तपासणी. आणि दारू अजिबात नाही. काजूच्या हंगामात उर्राक आमच्याकडे घरोघरी येते, मॅडमनी तिचं नाव घेऊनच बजावलं.

याच्या पुढची औषधं आता आली आहेत, त्यांचीही माहिती त्यांनी दिली. इंटरल्यूकिन 4 आणि 13 ची वाट अडवणारं डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत 2022 मध्ये प्रुरिगोसाठी मंजूर झालं, या दुखण्यासाठी खास मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. 31 ची वाट अडवणारं नेमोलिझुमॅब 2024 मध्ये आलं. आपल्या खिशाला ही इंजेक्शनं परवडणारी नाहीत. ते मला जाचतं. कारण खाज काही पगार बघून येत नाही. जॅक गटाच्या, म्हणजे हेच निरोप पेशीच्या आत अडवणाऱ्या, गोळ्याही काहींना देतात, त्यांत स्वस्त पर्याय आहेत, पण त्यांना क्षयरोगासह बऱ्याच तपासण्या आधी लागतात. मला त्यांची गरज पडली नाही.

तपासणीसाठी रक्त द्यायच्या रांगेत बसून माणसांशी ओळखी झाल्या आणि खाजेचे इतर चेहरे कळले. पणजीच्या स्टँडवर धंदा करणारा एक मोटारसायकल पायलट होता. पिवळ्या मडगार्डची गाडी, दिवसभर उन्हात. त्याला फक्त कोपराच्या खाली-वर, हाताच्या बाहेरच्या बाजूला खाज. पुरळ नाही. बर्फाची पिशवी ठेवली तरच थांबायची. डॉक्टरांनी त्याच्या मानेचा एमआरआय काढला, मणक्यात नस दबलेली निघाली. कातडीतला रोगच नव्हे तो, मानेतली नस आणि वरून ऊन. पूर्ण बाह्या आणि गॅबापेंटिनवर तो पुष्कळ बरा होता. एक गृहस्थ डायलिसिसवर होते, मूत्रपिंडाच्या खाजेने पाठ सोलवटलेली. त्यांनाही तेच औषध, पण डायलिसिसनंतर आणि अगदी अल्प मात्रेत, कारण ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं.

आणि माझी भाची. आठव्या महिन्यात तिच्या तळहातांना आणि तळपायांना रात्रीची खाज सुटली, पुरळ काही नाही. बहिणीने फोनवर सहज सांगितलं, गरोदरपणात पोट ताणलं की खाज येतेच, खोबरेल लावतेय. मी म्हटलं, आज, आत्ता तिच्या डॉक्टरकडे ने. गरोदरपणात पित्त तुंबून अशी खाज येऊ शकते, रक्तातली पित्ताम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. तिची ती वाढलेलीच निघाली. डॉक्टरांनी लक्ष ठेवलं, प्रसूती जरा आधी केली, मुलगी सुखरूप आहे. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसता तळहात-तळपाय खाजले तर थांबू नका, हे मी आता भेटेल त्या बाईमाणसाला सांगतो.

माझ्या दंडावरच्या गाठी बसल्या. काळे डाग आहेत, ते जायला वेळ लागेल. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून मी पुन्हा भजनाला बसतो. उन्हाळ्यात घाम साचला की खाज डोकं वर काढते, मग ओला गार पंचा आणि मेंथॉलचं लोशन. मेथोट्रेक्सेटची मात्रा कमी होत चाललीय, गॅबापेंटिन त्यानंतर हळूहळू उतरवायचं, एकदम थांबवायचं नाही. डाव्या नडगीवरच्या दोन जुन्या गाठी मात्र हटायला तयार नाहीत. येत्या खेपेला त्यांच्यात थेट ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलंय.